दारफळणीचा दिवस आणि रस्त्यावरची धूळ

कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आपले पूर्वज योम किप्पूरच्या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. दारे लावून घ्यावीत, पांढरी वस्त्रे परिधान करावीत आणि सारा दिवस उपास व प्रार्थनेत घालवावा, असा तो सण. त्या काळच्या कोकणात मोटारगाडी नव्हती. दार लावले की बाहेरचे जग बाहेर राहत असे.

आज आपण इस्राएलमध्ये राहतो. येथे त्या दिवशी दारांपेक्षा रस्तेच बंद होतात. आदल्या सायंकाळी वाहने थांबतात, आणि एरवी ज्या महामार्गांवर पाऊल ठेवणेही धोक्याचे, तेथे मुले सायकली फिरविताना दिसतात. हवेची मापे घेणाऱ्या केंद्रांवर दरवर्षी या दिवसाची नोंद उठून दिसते. वाहनांच्या धुरातून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्या एका दिवसापुरते अगदी तळाला जातात आणि सण सुटल्यावर पुन्हा वर चढतात. साऱ्या देशाने मिळून वर्षातून एकदा केलेला असा प्रयोग जगात क्वचितच कोठे होत असेल.

परंतु या प्रयोगाचा दुसरा निष्कर्षही तितकाच विचार करण्याजोगा आहे. वायू जसे उतरतात तसे हवेतील धूलिकण उतरत नाहीत. त्यांतील बरीच धूळ वाळवंटातून येते व तिला आपल्या सणावाराशी कर्तव्य नसते, हे एक कारण. दुसरे असे की, रस्त्याच्या कडेला, मातीत आणि खिडकीच्या कठड्यावर पूर्वीच बसलेली धूळ एका दिवसात नाहीशी होत नाही. या धुळीत काही विषारी धातू असतात. त्यांविषयी आपल्या वाचकांशी, विशेषतः ज्यांच्या घरी लहान मुले वा नातवंडे आहेत अशांशी, दोन शब्द बोलावेत असे बरेच दिवस आमच्या मनात होते. त्यास एक खाजगी कारणही आहे. ते पुढे यथाक्रम सांगू.

धुळीत काय असते?

शाळेत आम्ही मुलांना एक साधा प्रयोग करावयास देतो. वर्दळीच्या रस्त्याच्या कडेची चमचाभर कोरडी धूळ कागदावर घ्यावयाची आणि पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून फिरवावयाचा. चुंबकाला काळ्या, बारीक कणांची दाढी फुटते. मुलांना मोठी गंमत वाटते. हे कण लोहाचे. काही मूळ मातीतले असतात, परंतु वर्दळीच्या रस्त्यावर त्यांत गाड्यांच्या ब्रेकांच्या झिजेची मोठी भर पडते. चुंबकाला लोहच चिकटते. तांबे, अँटिमनी, जस्त, शिसे हे त्याच धुळीत असूनही चिकटत नाहीत. ते दाखविण्यास प्रयोगशाळाच हवी. जे दिसले त्यावरून जे दिसत नाही त्याची कल्पना यावी, एवढाच या प्रयोगाचा हेतू.

हे धातू येतात कोठून? गाडीचा ब्रेक दाबला की लायनर किंवा पॅड लोखंडी चकतीवर घासला जातो, आणि प्रत्येक थांब्यागणिक त्याचा थोडा अंश हवेत उडतो. त्यात लोहाबरोबर तांबे, बेरियम आणि अँटिमनी असते. टायरच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड घातलेले असते. टायर झिजला की जस्त रस्त्यावर येते. धूर शुद्ध करण्यासाठी गाडीच्या नळकांड्यात जे उत्प्रेरक यंत्र बसवितात, त्यातून प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे अत्यल्प कण बाहेर पडतात. याखेरीज रस्त्यावर आधीच पडून असलेली धूळ चाकांखाली भरडून पुन्हा पुन्हा हवेत उठते.

यांतील मोठे कण नाकाघशात अडकतात. दहा मायक्रॉनहून लहान कण श्वासनलिकेत उतरतात आणि अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या अगदी टोकापर्यंत पोहोचतात. मनुष्याचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. परंतु या सर्व धातूंमध्ये ज्याची कहाणी सर्वांत दीर्घ आणि शोकजनक आहे तो धातू म्हणजे शिसे.

शिसे पेट्रोलात कसे आले?

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली या अभियंत्यास असे आढळले की, पेट्रोलात शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, थोडेसे मिसळले तर इंजिनाची खडखड थांबते. १९२३ साली असे पेट्रोल विक्रीस आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. व्यवसायजन्य रोगांच्या थोर अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९२५ साली या धंद्यास उघड विरोध केला. शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. तरीही पंपांवर ते पेट्रोल विकले जात राहिले आणि हळूहळू साऱ्या जगात पसरले.

या पेट्रोलातील शिसे इंजिनात जळून नाहीसे होत नसे. धातू जळून नष्ट होतच नाही. तो फक्त रूप पालटतो. अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने ते नळकांड्यातून बाहेर पडे. काही रस्त्याच्या दुतर्फा खाली बसे, काही वाऱ्याबरोबर दूरवर जाई. क्लेअर पॅटर्सन या शास्त्रज्ञाने १९५६ साली शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. ते काम करताना त्यांच्या असे ध्यानी आले की, हवेतून आणि धुळीतून येणारे शिसे प्रत्येक नमुन्यात शिरते व मोजमाप बिघडविते. पृथ्वीच्या वयाचा शोध घेता घेता त्यांना आपल्या पिढीच्या शरीरातील विषाचा शोध लागला. १९६५ साली त्यांनी लिहिले की, माणसांच्या शरीरात आढळणारे शिसे नैसर्गिक नसून मानवनिर्मित आहे.

शिसे मुलांस अधिक का बाधते, हेही समजून घेतले पाहिजे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेते आणि हाडांत साठवून ठेवते. तेथे ते अनेक वर्षे राहते. पोटात गेलेल्या शिशापैकी मूल मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शोषून घेऊ शकते. शिवाय मूल जमिनीच्या जवळ वावरते, हात तोंडात घालते, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना आज म्हणत नाही.

शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली

आता आमच्या खाजगी कारणाकडे येतो. १९७९ साली अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. बॉस्टनजवळच्या चेल्सी व सॉमरव्हिल या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात त्यांनी गोळा केले आणि त्यांतील शिसे मोजले. रक्तातील शिसे महिन्या-दोन महिन्यांत बदलते; दात मात्र सारा हिशोब जपून ठेवतो. दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांच्या वर्गशिक्षकांकडून अकरा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. मुलाचे लक्ष विचलित होते काय? हाती घेतलेले काम ते सोडून देते काय? साध्या सूचना पाळू शकत नाही काय? ते दिवास्वप्नात गढलेले असते काय? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. उत्तरे आणि दात शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा दिसले की, जसजसे दातांतील शिसे वाढते तसतशी शिक्षकांची तक्रारही वाढत जाते.

हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

१९९० साली अध्यापनाची पदविका घेऊन आम्ही मुंबईत भायखळ्याच्या परिसरातील एका मराठी शाळेत रुजू झालो. शाळा चौकावर होती. खाली दिवसभर काळ्यापिवळ्या टॅक्स्या आणि मोटारी उभ्या राहत, सुटत, पुन्हा उभ्या राहत. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरविले तर बोट काळे होई. चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसे. त्याचे बिऱ्हाड त्याच चौकात, तळमजल्यावर, रस्त्याला लागून. तो दंगेखोर नव्हता. तीन गोष्टी सांगाव्यात, त्याने पहिली करावी आणि दुसऱ्या वेळी आपल्याला काहीतरी सांगितले होते एवढेच त्याला आठवावे, अशी त्याची रीत. प्रगतिपुस्तकात आम्ही लिहिले: ‘लक्ष देत नाही. प्रयत्न कमी पडतात.’ त्याची आई भेटावयास आली. म्हणाली, “बाई, घरी पण असंच करतो. मारलं तरी त्याला कळत नाही हो.” आम्ही तिला धीर दिला नाही, मुलाला शिस्त लावा, असे सांगितले. आणि वर्गात तो हरवला की शिक्षा म्हणून त्यास खिडकीपाशी उभे करीत असू.

अध्यापक विद्यालयात आम्हांस बालमानसशास्त्र शिकविले होते. मूल शिकत नसेल तर त्याची दृष्टी पाहावी, श्रवण पाहावे, घरची परिस्थिती पाहावी, हे आम्हांस पाठ होते. तो कोणती हवा श्वासात घेतो हे पाहावे, असे त्यात नव्हते. त्या मुलाचे दात कोणी तपासले नाहीत, रक्तही तपासले नाही. तेव्हा त्याच्या त्या स्वभावाचे कारण शिसेच होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ‘प्रयत्न कमी पडतात’ असे लिहिण्याचा तरी अधिकार आम्हांस कोठे होता? ते वाक्य त्याच्या प्रगतिपुस्तकात राहिले. आम्ही १९९६ साली इस्राएलास आलो.

शिसे गेले, तेव्हा काय झाले?

या कहाणीतील आनंदाचा भाग असा की, शिसे काढले की मुलांचे रक्त सुधारते. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलातील शिसे घटत गेले आणि त्याबरोबर लोकांच्या रक्तातील सरासरी शिसे एक तृतीयांशाहून अधिक घटले. भारतात १९९४ पासून चार महानगरांत पेट्रोलातील शिसे कमी करण्यास प्रारंभ झाला, १९९५ पासून तेथे बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात तेच विकले जाऊ लागले. मुंबईच्या मुलांची १९९७ च्या सुमारास जी पाहणी झाली तीत दर पाच मुलांपैकी सुमारे तिघांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे होते. पेट्रोल शिसेमुक्त झाल्यानंतरच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. तेही थोडे नव्हे. जुने रंग, बॅटऱ्यांचे कारखाने असे शिशाचे इतर मार्ग शिल्लक होतेच. तथापि एका सरकारी निर्णयाने लक्षावधी मुलांच्या रक्तातील विष उतरले, ही गोष्ट लहान नाही.

इस्राएलमध्येही शिशाचे पेट्रोल पूर्वीच बंद झाले आहे. जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात जुलै २०२१ मध्ये थांबले. १९२३ पासून मोजल्यास अठ्ठ्याण्णव वर्षे लागली.

धातू कुजत नाही

मग आता निश्चिंत व्हावे काय? लंडनच्या हवेचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस संपली. तरीही २०१४ ते २०१८ या काळात लंडनमध्ये गोळा केलेल्या धूलिकणांतील शिशापैकी ४० टक्क्यांपर्यंत शिसे त्याच जुन्या पेट्रोलचे असल्याचे समस्थानिकांच्या खुणांवरून दिसून आले. रस्त्याच्या कडेच्या मातीत बसलेले शिसे वाऱ्याने आणि चाकांनी पुन्हा पुन्हा उठते. पालापाचोळा कुजतो, कागद कुजतो, धातू कुजत नाही. तो झाकला जातो, वाहून जातो, उडून दुसरीकडे बसतो. नाहीसा होत नाही.

शिवाय नळकांडे शुद्ध झाले तरी ब्रेक आणि टायर झिजावयाचे राहत नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाड्या आता आपल्याकडेही पुष्कळ दिसतात. त्यांस नळकांडेच नसते, ही मोठी सोय. त्यांची गती कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करीत असल्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. परंतु बॅटरीमुळे त्या वजनाने जड असतात आणि टायर तर झिजतोच. कायद्यांचे लक्ष आता या झिजेकडे वळू लागले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली ब्रेकच्या पॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने घटविण्याचे कायदे केले. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली: साध्या गाडीस दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीस ३ मिलिग्रॅम. आपल्या देशात शुद्ध हवेचा कायदा २००८ साली झाला व २०११ च्या आरंभापासून अमलात आला. हवेची मापे आज कोणाही नागरिकास पाहावयास मिळतात. आपल्या गावच्या केंद्रावर काय नोंद आहे, हे शाळेच्या पालकसभेत विचारण्यास संकोच वाटू नये. आपण ओलीम म्हणून आलो, भाषा अडखळत शिकलो, आणि पुष्कळदा ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून मागे बसलो. मुलांच्या हवेच्या बाबतीत मागे बसू नये.

घरात काय करावे?

रामले, लोद, अश्दोद, बेर-शेवा, दिमोना, जेथे कोठे आपली बिऱ्हाडे आहेत तेथे पुढील गोष्टी बिनखर्चाने करता येतील.

धूळ झाडूने झाडली की पुन्हा हवेत उठते. ओल्या फडक्याने पुसली की जाते. येथे आपण सारे ‘स्पोंजा’ करावयास शिकलोच आहोत. तो रस्त्याकडील खोलीत आणि बाल्कनीत अधिक वेळा करावा, आणि खिडकीचा कठडा व त्रिसीमच्या पट्ट्याही ओल्या फडक्याने पुसाव्यात. गर्दीच्या वेळी रस्त्याकडील खिडक्या लावाव्यात व वर्दळ ओसरल्यावर उघडाव्यात. लहान मुलाची गाडी ढकलीत जावयाचे असेल तर हमरस्ता सोडून आतल्या गल्लीने जावे. रस्त्यालगतच्या मातीत मुलांस खेळू देऊ नये. बाल्कनीतील कोथिंबीर आणि नाना बाहेरील माती आणून लावू नयेत, आणि खुडल्यावर चांगले धुऊन घ्यावेत. खेळून आलेल्या मुलाने खाण्यापूर्वी हात धुतलेच पाहिजेत.

मुलांच्या आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शरीर शिसे कमी शोषते. यासाठी काही नवलाचे पदार्थ नकोत: नाचणीची भाकरी, मेथी, वालाचे बिरडे, दूध, दही. मुलाच्या वाढीविषयी अथवा लक्ष न लागण्याविषयी शंका असेल तर कुपात-होलीममधील डॉक्टरांस शिशाच्या रक्ततपासणीविषयी विचारावे. आणि गाडी बाळगणाऱ्यांस एवढेच सांगणे की, शाळेच्या दारात मुलाची वाट पाहत असताना इंजिन बंद ठेवावे आणि ब्रेक हळू, अगोदरपासून दाबण्याची सवय करावी. लायनर कमी झिजतील, पैसाही वाचेल.

यांतील एक गोष्ट तर आपल्या आजोबा-पणजोबांनाच ठाऊक होती. कोकणातील घरात बाहेरून येणारा वाहाणा ओटीखाली काढी, पायांवर पाणी घेई आणि मगच आत पाऊल टाकी. मजल्यांच्या इमारतीत राहावयास आल्यापासून ही रीत आपल्यातून बरीच सुटली. रस्त्यावरील धातूंची धूळ घरात शिरते ती पुष्कळशी आपल्या बुटांच्या तळव्यांनी. तेव्हा दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, एकमेकांच्या घरी भेटीस जाल तेव्हा जोडे दाराबाहेर काढून ठेवा. यजमानाने ‘असू द्या, असू द्या’ म्हटले तरी ऐकू नका.

माणसाचा माणसाशी झालेला अपराध केवळ उपासाने फिटत नाही. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जावे लागते, अशी आपल्यात शिकवण आहे. तो मुलगा आज पंचेचाळिशीच्या घरात असेल. त्यास शोधण्याचा आम्ही प्रयत्न केला. तो चौक आहे, ते बिऱ्हाड आता नाही. म्हणून निदान एक पथ्य आम्ही गेली काही वर्षे पाळीत आहो. एखाद्या मुलाविषयी ‘लक्ष देत नाही’ असे लिहिण्यास लेखणी उचलली की ती खाली ठेवून प्रथम त्याच्या आईला विचारतो: तुमचे घर कोणत्या रस्त्यावर आहे, आणि तुमची खिडकी कोणीकडे उघडते?